बातमीची बाजू, बाईची साक्ष

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात ‘बातम्या आणि आपण’ या सत्रात केलेलं भाषण. बोलण्यातला सूर तसाच ठेवून थोडं आटोपशीर केलं आहे.)



मी पत्रकार नाही. समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि गेली दहा-बारा वर्षं तालुक्याच्या ठिकाणी कुटुंब सल्ला केंद्राचं काम करते. म्हणजे बातमी लिहिणाऱ्यांपैकी नाही, तर जिच्याबद्दल बातमी येते त्या बाईच्या शेजारी बसणाऱ्यांपैकी. वेगवेगळ्या देशांत वर्तमानपत्रं, रेडिओ, टीव्ही कितपत तटस्थ असतात, राजकारण बातमीत कसं शिरतं यावर बोला, असं संयोजक ताईंनी सांगितलं. एम.एस.डब्ल्यू.ला संशोधन पद्धतीच्या पेपरात ‘वस्तुनिष्ठता’ म्हणजे काय यावर मी दोन पानं लिहिली होती. मार्कही बरे पडले. आज ती दोन पानं मला जशीच्या तशी लिहिता येणार नाहीत. का, ते सांगते.

मी संघटनेत आले तेव्हा सगळ्यात आधी एक गोष्ट शिकले: बाई बोलते तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवायचा. पोलीस ठेवत नाहीत, सासर ठेवत नाही, पुष्कळदा माहेरही ठेवत नाही. निदान आपण तरी ठेवायचा. ही शिकवण मी आजही सोडलेली नाही. पण एका मुलीच्या साक्षीने मला बरंच अस्वस्थ केलं.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर हल्ला करून तो देश ताब्यात घेतला. १० ऑक्टोबरला अमेरिकेच्या संसद सदस्यांच्या मानवी हक्क गटापुढे कुवेतची एक पंधरा वर्षांची मुलगी उभी राहिली. कुटुंबाला धोका नको म्हणून तिचं फक्त पहिलं नाव सांगितलं गेलं, नायिराह. रडत रडत ती म्हणाली, मी इस्पितळात स्वयंसेविका होते, इराकी सैनिक आले, त्यांनी बाळांना काचेच्या पेट्यांतून बाहेर काढलं, पेट्या घेऊन गेले आणि बाळं थंडगार फरशीवर मरायला टाकली.

तुमच्यापैकी कितीजणींनी सरकारी दवाखान्यात पेटीतल्या बाळाच्या आईचा हात धरून रात्र काढली असेल! हे ऐकून कुणाचं काळीज हलणार नाही? अमेरिकेच्या वाहिन्यांनी ते दाखवलं. राष्ट्राध्यक्ष बुश (म्हणजे थोरले) भाषणांतून पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलसारख्या जबाबदार संस्थेनेही डिसेंबरमधल्या अहवालात तीनशेहून अधिक बाळं अशी मेल्याचा उल्लेख केला. जानेवारी १९९१ मध्ये अमेरिकेच्या सिनेटने युद्धाला परवानगी दिली ती ५२ विरुद्ध ४७ अशी, अगदी काठावर. पाठिंबा देणाऱ्या काही सदस्यांनी भाषणांत ही बाळं काढली होती.

युद्ध संपल्यावर पत्रकार कुवेतच्या इस्पितळांत पोचले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, असं काही झालं नाही. ॲम्नेस्टीने १९९१ च्या एप्रिलमध्ये आपलं म्हणणं मागे घेतलं. आणि जानेवारी १९९२ मध्ये जॉन मॅकआर्थर नावाच्या पत्रकाराने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं की ही मुलगी अमेरिकेतल्या कुवेतच्या राजदूताची कन्या आहे. तिची साक्ष घडवून आणण्यात हिल अँड नोल्टन या जनसंपर्क कंपनीचा हात होता आणि त्या कंपनीला पैसे मिळत होते ते कुवेत सरकारच्या पैशावर चालणाऱ्या एका समितीकडून.

आता यात काही गोष्टी नीट बघा. अमेरिकेतली मोठी वर्तमानपत्रं सरकारी मालकीची नाहीत. वृत्तपत्र स्वातंत्र्य राज्यघटनेत लिहिलेलं आहे. साक्ष झाल्यावर खरी गोष्ट छापून यायला पंधरा महिने गेले. तोवर युद्ध होऊन गेलं होतं. कुणी पत्रकारांवर बंदूक रोखली नव्हती. ‘ही मुलगी कोण?’ एवढा एक प्रश्न विचारायचा होता. तो विचारला गेला नाही, कारण जे ऐकायची तयारी आधीच झाली होती तेच ती सांगत होती. आणि दुसरं: इराकी सैन्याने कुवेतमध्ये खरोखर अत्याचार केले होते. माणसं मारली, छळ केले, बलात्कार केले. खोट्या बाळांच्या गोष्टीने त्या खऱ्या बायकांचं काय भलं केलं? उलट पुढे प्रत्येक अत्याचाराच्या बातमीवर ‘हेही तसंच असेल’ म्हणायला लोकांना निमित्त मिळालं.

आपल्याकडे हे घडत नाही असं नाही. २००२ साली गोध्रानंतर एका मोठ्या गुजराती दैनिकाने हिंदू मुलींना गाडीच्या डब्यातून पळवून नेल्याची आणि नंतर त्यांची विटंबना केलेली प्रेतं सापडल्याची बातमी छापली. पोलिसांनी ती निराधार असल्याचं सांगितलं. एडिटर्स गिल्डच्या सत्यशोधन पथकाने आपल्या अहवालात गुजराती वृत्तपत्रांच्या या वागणुकीवर कडक ताशेरे ओढले. पण त्या दिवसांत ज्या मुसलमान बायकांवर खरोखर अत्याचार झाले, ते ‘त्यांनी आधी केलं’ या नावाखाली झाले. आफ्रिकेतल्या रुवांडात १९९४ चा नरसंहार झाला, त्याच्या सुमारे सव्वातीन वर्षं आधी ‘कांगुरा’ नावाच्या पत्राने हुतू लोकांसाठी दहा आज्ञा छापल्या होत्या. त्यातली पहिलीच आज्ञा तुत्सी बायकांविरुद्ध होती. त्या पत्राच्या संपादकाला पुढे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने शिक्षा दिली. म्हणजे द्वेषाची बातमी शिजवायची तर चूल कुठली वापरायची, हे सगळीकडे ठरलेलं आहे. बाईचं शरीर.

हे एका बाजूचं झालं. जिथे बाईची खोटी गोष्ट सोयीची असते तिथे ती पहिल्या पानावर. आणि जिथे खरी बाई गैरसोयीची असते तिथे? त्यासाठी जपानला जाऊ या.

दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने कोरिया, चीन, फिलिपिन्स, इंडोनेशिया अशा देशांतल्या बायकांना सैनिकांसाठीच्या ठाण्यांत लैंगिक गुलामीत ठेवलं. त्यांना गोंडस नाव दिलं ‘दिलासा देणाऱ्या बायका’. सुमारे पन्नास वर्षं यावर फारसं कुणी बोललं नाही. ऑगस्ट १९९१ मध्ये दक्षिण कोरियात किम हाक-सून या वृद्ध बाईंनी स्वतःचं नाव आणि चेहरा घेऊन जाहीरपणे सांगितलं की हे माझ्यावर झालं आहे. मग इतर देशांतूनही बायका पुढे आल्या. जपानी सरकार भरपाई देईना, न्यायालयं दाद देईनात. तेव्हा डिसेंबर २००० मध्ये आशियातल्या महिला संघटनांनी मिळून टोकियोत स्वतःचं न्यायासन भरवलं. त्यामागच्या एक प्रमुख कार्यकर्त्या यायोरी मात्सुई, स्वतः पूर्वीच्या पत्रकार. या न्यायासनाला कायद्याचे अधिकार नव्हते, पण आंतरराष्ट्रीय न्यायालयात काम केलेल्या न्यायाधीश तिथे बसल्या. त्यांनी दिवंगत सम्राट हिरोहितो यांना दोषी ठरवलं. आपल्याकडे गावातल्या बायका पारावर बसून सरपंचाविरुद्ध निकाल देतात, तशी ती गोष्ट. फक्त पार फार मोठा होता.

एनएचके ही जपानची सार्वजनिक प्रसारण संस्था. ती चालते घराघरातून गोळा होणाऱ्या शुल्कावर, पण तिचं अंदाजपत्रक दरवर्षी संसदेकडून मंजूर व्हावं लागतं. एनएचकेने या न्यायासनावर कार्यक्रम केला. ३० जानेवारी २००१ ला तो दाखवला गेला तेव्हा आपल्या मैत्रिणींनी तो बघितला आणि त्या सुन्न झाल्या. चव्वेचाळीस मिनिटांचा कार्यक्रम चाळीस मिनिटांचा झाला होता. सम्राटाबद्दलचा निकाल गायब. ‘आम्ही हे केलं’ असं कबूल करणाऱ्या माजी सैनिकांची साक्ष गायब. वाचलेल्या काही बायकांचं बोलणं गायब. आणि न्यायासनावर टीका करणाऱ्या एका इतिहासकाराची मुलाखत मात्र आत आलेली.

संघटनेने एनएचकेविरुद्ध दावा लावला. २००५ मध्ये एनएचकेच्याच एका निर्मात्याने पत्रकार परिषदेत डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की सत्ताधारी पक्षाच्या नेत्यांना भेटून आल्यावर वरिष्ठांनी कार्यक्रम बदलायला लावला. त्या नेत्यांत तेव्हाचे उपमुख्य मंत्रिमंडळ सचिव आणि पुढे पंतप्रधान झालेले शिंझो आबे यांचं नाव आलं. दबाव आणल्याचं त्यांनी नाकारलं. २००७ मध्ये टोकियोच्या उच्च न्यायालयाने संघटनेच्या बाजूने निकाल दिला, वीस लाख येन भरपाई सांगितली. न्यायालयाचं म्हणणं मला फार महत्त्वाचं वाटतं. नेत्यांनी ‘हे कापा’ असा हुकूम दिल्याचं त्याने म्हटलं नाही. एनएचकेच्या वरिष्ठांनी नेत्यांच्या मनात काय असेल ते गरजेपेक्षा जास्त ओळखलं आणि अंदाजपत्रकाच्या काळात सुरक्षित राहावं म्हणून कात्री चालवली, असं त्याचं म्हणणं होतं.

घरात सासू काही बोलत नाही, नुसती बघते आणि सून आपणच पदर सावरते. राजकीय दबाव पुष्कळदा असाच चालतो. हुकमाचा कागद शोधत बसलात तर सापडणार नाही.

२००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. कारण दिलं संपादनाच्या स्वातंत्र्याचं: कार्यक्रमात काय असावं हे मुलाखत देणाऱ्याने ठरवायचं नसतं. तत्त्व म्हणून हे चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही. उद्या एखादा मंत्री आपल्या त्रैमासिकाला म्हणेल, माझं म्हणणं माझ्या मनासारखं छापा, तर आपण हेच सांगू. पण सत्तेपुढे वाकलेल्या संपादकाने बायकांपुढे स्वातंत्र्याची ढाल धरावी, याला काय म्हणायचं?

गोष्ट इथे संपली असती तर आपल्याला सोयीची होती. आपण चांगल्या, ते वाईट. पण तसं नाही. जपानमधलं आसाही शिंबुन हे मोठं दैनिक या बायकांचा प्रश्न सातत्याने मांडत आलं. १९८२ पासून त्यांनी सेइजी योशिदा नावाच्या एका माजी अधिकाऱ्याची हकिगत अनेकदा छापली. तो म्हणायचा, कोरियाच्या जेजू बेटावरून मी स्वतः बायकांना जबरीने धरून आणलं. १९९२ मध्ये एक इतिहासकार त्या बेटावर जाऊन आला आणि म्हणाला, याला काही आधार मिळत नाही. तो इतिहासकार म्हणजे इकुहिको हाता. एनएचकेच्या कार्यक्रमात नंतर घुसवलेली टीकेची मुलाखत त्याचीच. तो ‘त्यांच्या’ बाजूचा होता, म्हणून ‘आपल्या’ बाजूच्या वर्तमानपत्राने ते गंभीरपणे घेतलं नाही. शेवटी ऑगस्ट २०१४ मध्ये आसाहीने योशिदाची हकिगत खोटी असल्याचं मान्य करून सोळा लेख मागे घेतले. बावीस वर्षं!

त्यानंतर काय झालं असेल, तुम्ही ओळखलंच असेल. किम हाक-सून आणि इतर बायकांच्या साक्षी योशिदावर उभ्या नव्हत्याच. सैन्याचे कागद सापडलेले होते, १९९३ मध्ये जपान सरकारने स्वतः चौकशी करून सैन्याचा सहभाग मान्य केलेला होता. तरी राष्ट्रवादी मंडळी म्हणू लागली: बघा, सगळंच खोटं होतं. एका पुरुषाच्या खोट्या फुशारकीचा दंड त्या म्हाताऱ्या बायकांनी भरला.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या केंद्राची एक गोष्ट आठवली, आणि ती सांगितल्याशिवाय मला इथे बोलण्याचा हक्क नाही. काही वर्षांपूर्वी एक बाई आमच्याकडे आली. नवऱ्याने आणि दिराने मारलं होतं, हाताचं हाड मोडलेलं, दवाखान्याचा दाखला होता. पोलीस तक्रार घेईनात. आम्ही चिडलो आणि रात्रीत पत्रक काढलं. शेजारणीने सांगितलं म्हणून त्यात लिहिलं की हिला आठ दिवस उपाशी कोंडून ठेवलं होतं. मसुदा माझ्या हातचा. तिला मी नीट विचारलंसुद्धा नाही, कारण ती झोपली होती आणि वार्ताहराला दहाच्या आत मजकूर हवा होता. मथळा उपाशी कोंडल्याचाच झाला. हाडाची गोष्ट चौथ्या ओळीत. आणि मग कळलं की त्या आठांपैकी चार दिवस ती भावाच्या लग्नासाठी माहेरी होती. गावात फोटो होते तिचे, हळदीत. सासरच्या वकिलाला आणखी काय पाहिजे? बाई मला रागाने काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, “ताई, हात मोडला होता ते पुरेसं नव्हतं का?”

पुरेसं होतं. आम्हालाच ते पुरेसं वाटलं नव्हतं.

त्यानंतर मी त्या वार्ताहराला भेटायला गेले. वाटलं होतं भांडण होईल. तो म्हणाला, “ताई, मी रोज संध्याकाळी ठाण्यात फोन लावतो, ते सांगतात ते लिहितो. मला पगार नाही, छापून आलेल्या बातमीमागे थोडे पैसे मिळतात. शिवाय पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती मीच आणायच्या असतात. मग त्याच पुढाऱ्याच्या पुतण्याने बायको मारली तर ते मी कसं लिहू, तुम्हीच सांगा.” त्याचा राग मला येईना. आपण ‘मीडिया विकला गेला’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर मुंबई-दिल्लीची काचेची ऑफिसं असतात. आपल्या बाईची बातमी मात्र हा मोटारसायकलवरचा माणूस लिहितो. वरच्या पातळीवर काय चालतं तेही आपण पाहिलं आहे: २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याची स्तुती करणारा एकच मजकूर, शब्दन् शब्द, वेगवेगळ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून आला होता. पी. साईनाथ यांनी ते उघड केलं. प्रेस कौन्सिलने समिती नेमली आणि तिचा सविस्तर अहवाल बाजूला ठेवून आधी छोटासा अहवाल काढला.

आणि खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा. एका दलित कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे गावाने मारून टाकले. सुरुवातीच्या बातम्या काय होत्या? अनैतिक संबंधातून हत्याकांड. ठाण्यातून जे आलं ते छापलं. खरं म्हणजे जमिनीचा वाद होता आणि त्या मायलेकींनी दुसऱ्या एका मारहाणीच्या प्रकरणात आरोपी ओळखण्याचं धाडस केलं होतं. त्या साक्षीदार होत्या, म्हणून त्यांना मारलं. आणि मेल्यावर बातमीने त्यांचं चारित्र्य काढलं. मोठ्या वर्तमानपत्रांना जाग आली ती विदर्भातली दलित जनता, त्यात बायका मोठ्या संख्येने, रस्त्यावर आल्यावर. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने शिक्षा सुनावल्या, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. पहिल्या बातमीतला तो एक शब्द निकालापर्यंत कसा पोचतो, याचा विचार करा.

मग तटस्थता म्हणजे काय? मारणाऱ्याला दोन ओळी आणि मार खाणारीला दोन ओळी, हे माप मला मान्य नाही. १९९५ पासून बऱ्याच देशांतल्या स्वयंसेवी गटांनी दर पाच वर्षांनी एका ठरलेल्या दिवसाच्या बातम्या मोजायचा उपक्रम चालवला आहे. पहिल्या वेळी ७१ देशांत बातमीतल्या माणसांपैकी १७ टक्के बायका होत्या. २०२० मध्ये ११६ देशांत २५ टक्के. जिथे निम्म्या माणसांचं बोलणंच घेतलं जात नाही तिथे ‘दोन्ही बाजू’ म्हणजे पुष्कळदा दोन पुरुषांच्या बाजू. तेव्हा आपण बाजू घेणार. आपलं त्रैमासिक बाजू घेतं आणि तसं पहिल्या पानावर सांगतं. पण बाजू घेणं वेगळं आणि तपासून न बघणं वेगळं. बाईवर विश्वास ठेवायचा याचा अर्थ तिला न विचारता तिच्या नावावर काहीही लिहायचं असा होत नाही. उलट तिच्याजवळ बसून, तारीख, वार, कोण होतं, कागद कुठला, हे विचारायचं. पोलिसासारखं नाही, दळणाच्या रांगेत शेजारीण विचारते तसं. यावर वासंतीताई मघाशी म्हणाल्या की इतकं तपासत बसलो तर बातमी शिळी होते. होते. मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही. आमच्या केंद्रात आता पत्रक बाहेर जाण्याआधी त्या बाईला वाचून दाखवतो, आणि ती नको म्हणाली ती ओळ खोडतो. त्यामुळे दोनदा बातमी आलीच नाही.

जेवणानंतर गटांत बसू तेव्हा तुम्ही आणलेली कात्रणं बाहेर काढा. प्रत्येक बातमीत ही माहिती कुणी दिली, ते शब्द लाल पेन्सिलीने अधोरेखित करायचे. जिथे कुणाचंच नाव नाही, नुसतं ‘समजते’ किंवा ‘बोलले जाते’ आहे, तिथे गोल करायचा. आणि कृपा करून आपल्या संघटनांची पत्रकंही त्याच ढिगात टाका. माझं ते जुनं पत्रक मी आणलं आहे, पहिल्या गटाला तेच देते.